पडद्यावरून देव्हाऱ्यात

१९७५ साल. एकीकडे ‘शोले’, दुसरीकडे कमी बजेटचा ‘जय संतोषी माँ’. त्याला लोक थिएटरबाहेर चपला काढून बसायचे, पडद्यावर नाणी उधळायचे.

शुक्रवारच्या व्रताची पोथी आधीपासून होती. पण सिनेमानं देवीला अनिता गुहांचा चेहरा दिला, आरतीला उषा मंगेशकरांचा आवाज दिला आणि व्रत देशभर पसरलं. का? सासुरवास सोसणाऱ्या सुनेची गोष्ट बायकांना आपली वाटली. खर्च गूळ-फुटाण्यांचा, भटजीची गरज नाही, फक्त आंबट वर्ज्य.

‘फिल्मी देवी’ म्हणून हसू नका. आपल्या हिंगोलीतल्या नर्सीचे नामदेवसुद्धा कीर्तनातूनच गावोगाव पोहोचले. श्रद्धा त्या-त्या काळच्या गोष्टीवर स्वार होऊनच घरात येते.

तुमच्याकडे शुक्रवारी आंबट चालतं का? आजीला विचारा!