सारवण, फरशी आणि मॅट

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरात पाऊल टाकले की पायाखाली काय लागते? शेणाने सारवलेली भुई, शहाबादी फरशी, सिमेंटची टाईल, की दुकानातून गुंडाळी करून आणलेले ते लाकडाच्या नक्षीचे प्लास्टिकचे मॅट? उत्तर काहीही असो. पायाखाली जे आहे ते घरातले कोणीतरी रोज ओणवे होऊन पुसत असते. राजांच्या आणि लढायांच्या इतिहासात या पुसण्याला जागा मिळालेली नाही. आज ती थोडी देऊ या.

पुण्याच्या दक्षिणेला, पर्वतीच्या पलीकडे, बिबवेवाडी आहे. एके काळचे हे शेतीवाडीचे गाव आज शहरात पुरते मुरले आहे. खाली मार्केट यार्डाच्या बाजूला सोसायट्यांच्या इमारती, आणि वर डोंगराच्या अंगाला अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती. गावाच्या नावात बिबवा आहे. परीट कपड्यावर बिबव्याची खूण करीत, ती कितीही धुतली तरी जात नसे. न निघणाऱ्या डागाचे नाव ज्या गावात आहे, तिथूनच फरशीची गोष्ट सुरू करावी, हे बरे नाही का?

मागच्या पावसाळ्यात तिथे वरच्या बाजूला एका दहा बाय बाराच्या खोलीत बसलो होतो. खाली व्हिनाइलचे मॅट अंथरलेले. कपाटाखालून डोकावणारी त्याची कड छान पिवळसर होती. बाकी सगळे मात्र काळपट, आणि गॅसच्या ओट्यापुढे तर चिकट. घरची बाई संकोचून म्हणाली, "रोज दोनदा पुसते हो. चांगलं फिनेल टाकून पुसते. पण जेवढं पुसावं तेवढं ते काळंच होतंय." हे वाक्य लक्षात ठेवा. ती शब्द न् शब्द खरे सांगत होती. तिच्या पुसण्यात कसूर नव्हती. घोटाळा फार जुना आहे, आणि तो समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या खेड्यांतली जुनी जमीन कशी होत असे, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, चोपणीने चोप चोप चोपायचा, वर मऊ माती, आणि मग शेणकाला. हाताच्या बोटांनी उठवलेल्या त्या अर्धगोल लाटा ज्यांनी लहानपणी पाहिल्या, त्यांना अजून त्या ओल्या शेणाचा वास येत असेल. पण सारवण्यात नेमके काय होते, याचा विचार केला आहे का? भुईवरची धूळ आपण काढून नेत नाही. तिच्यावर नवा पापुद्रा चढवतो. धूळ खाली दाबली जाते, भेगा बुजतात, वरून स्वच्छ दिसते. चार-आठ दिवसांनी पापुद्रा उखळला की पुन्हा दुसरा. मातीच्या भुईला ही रीत अगदी योग्य होती, कारण ती पाणी पिते. धुवायला गेलात तर चिखल होईल. फक्त बाळंतिणीच्या खोलीत शेण नको, कारण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बाकी या रीतीला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. आपल्या भाषेने मात्र तिच्यातली मेख बरोबर ओळखली आहे. चूक झाकून वरून गुळगुळीत करणाऱ्याला आपण काय म्हणतो? सारवासारव करतो म्हणतो!

मग दगड आला. पुण्याच्या भोवती दगडाला काय तोटा, पण आपला काळा पाषाण जाड, कठीण. त्याच्या पातळ चिपा सहजी निघत नाहीत. भीमेच्या खोऱ्यात, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, शहाबादजवळ चुनखडीचा दगड वहीच्या पानांसारखा थरावर थर पडलेला आहे. पहार घातली की लादी मोकळी. अडचण होती ती वाहतुकीची. मुंबईहून पुणे-सोलापूरवरून निघालेला लोहमार्ग १८७१ साली रायचूरपर्यंत गेला, शहाबाद त्याच वाटेवर आले, आणि ही करडी फरशी आगगाडीत बसून आपल्याकडे येऊ लागली. मुंबईकर तिला लादी म्हणतो, पुणेकर फरशी, वाद नको.

फरशीने घरातल्या बायकांचे एक काम काढून घेतले आणि दुसरे हातात दिले. सारवण सुटले, धुणे आले. बादलीभर पाणी ओतायचे, खराट्याने खसाखसा घासायचे, मोरीकडे लोटायचे. ही दुसरी रीत. दगड ते सोसतो. एक गोष्ट तो सोसत नाही, ती म्हणजे आंबट. लिंबू सांडले तरी चुनखडीच्या फरशीवर पांढुरका डाग पडतो, मग संडासाच्या ॲसिडचे काय विचारता. ॲसिडने फरशी स्वच्छ होत नाही, तिचा वरचा थरच विरघळून जातो, आणि खरखरीत झालेल्या दगडात पुढच्या खेपेला मळ दुपटीने बसतो.

सिमेंटच्या रंगीत टाईलची हकीकत थोडक्यात सांगतो. या टाईल्स आधी परदेशातून येत. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत टाईल्सचा उद्योग काढला, तो स्वदेशीच्या भावनेने. जुन्या चाळींत आणि बंगल्यांत त्या फुलाफुलांच्या टाईल्स अजून दिसतात, आणि पुसायला त्या दगडासारख्याच.

आता गुंडाळीच्या फरशीकडे येऊ. तिचा मूळ पुरुष म्हणजे लिनोलियम, आणि ते कशापासून होते हे ऐकून विदर्भातल्या शेतकऱ्याला मौज वाटेल. ते होते जवसाच्या तेलापासून! तेलरंगाच्या डब्यावर सुकलेल्या तेलाची साय धरते, ती रबरासारखी लवचिक असते. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६० नंतरच्या दशकात ही साय मुद्दाम जाड बनवली, तिच्यात राळ आणि बुचाची पूड मिसळली, आणि पाठीला कापड लावून जमिनीचे अंथरूण केले. नावही तेच सांगते: लॅटिन भाषेत लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. हे तेलाचे अंथरूण धुण्याच्या सोड्याने घासू नये. तेल आणि सोडा एकत्र आले की साबण होतो, हे साबण करणाऱ्याला ठाऊक असते.

व्हिनाइल पुढचे. १९२६ साली अमेरिकेत गुडरिच या रबराच्या कंपनीत वॉल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ दुसऱ्याच कशाच्या शोधात होते. कोणाला नको असलेले एक कडक, ठिसूळ प्लास्टिक त्यांनी द्रावकात तापवले, तर ते मऊ, वाकणारे झाले. आज आपण त्याला पीव्हीसी म्हणतो. १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात त्याच्या फरशा मांडल्या होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते घरोघर शिरले. आपल्याकडे ते आले ते गरजेने. अप्परच्या काही भागाला लोक अजून ओटा म्हणतात. महापालिकेने कुटुंबाला जागेचा ओटा बांधून द्यायचा, आणि त्यावर घर ज्याचे त्याने उभे करायचे, अशी ती ओटा योजना. म्हणजे सरकारने दिले काय, तर पायाखालची जमीन! भिंती, छप्पर हळूहळू होत गेले. पण सिमेंटचा कोबा थंडीत गार पडतो, पावसाळ्यात ओल धरतो, त्याला पोपडे सुटतात. फरशी बसवायला गवंडी लागतो, पैसा लागतो. मॅट मीटरवर मिळते, कात्रीने कापता येते, आणि भाड्याची खोली सोडताना गुंडाळून नेता येते. ज्याला उद्या कुठे राहू याची खात्री नाही त्याची ही फरशी आहे. म्हणून तिला हलकी समजू नये.

आता त्या बाईच्या वाक्याकडे येतो. जेवढे पुसावे तेवढे काळे का होते? व्हिनाइल पाणी पीत नाही. फिनेलचे किंवा साबणाच्या पुडीचे पाणी त्यावर फिरवले आणि तसेच सुकू दिले, की पाणी उडून जाते, साबण मागे राहतो. त्याचा एक पातळ, किंचित चिकट थर होतो. त्याला फोडणीचा धूर चिकटतो, पायांची धूळ चिकटते. संध्याकाळी त्यावर दुसरा थर. नक्षीच्या बारीक खाचांत हे सारे साचत जाते. तुमच्या ध्यानात आले ना? हे सारवणच आहे! हाताची सवय आजीची, शेणाच्या जागी फिनेल. आणि सणासुदीला मोठी सफाई करायची म्हणजे बादलीभर पाणी ओतायचे, ही फरशीची सवय. ते पाणी कडेने मॅटखाली जाते आणि तिथे बुरशी धरते, खोलीला कुबट वास येतो.

तेव्हा या तिसऱ्या जमिनीला तिसरी रीत हवी. आधी मऊ केरसुणीने कोरडा केर नीट काढा. एक खडा राहिला तरी घासताना ओरखडा उठतो. हात सोसेल इतक्या कोमट पाण्यात, पाच लिटरला चहाचा एक चमचा एवढेच भांड्यांचे पातळ साबण घाला. जास्त घातले तर पुन्हा थरच होईल. उकळते पाणी नको, त्याने मॅट फुगते. एका वेळी सतरंजीच्या घडीएवढाच तुकडा घ्या, ओला करा, पाच मिनिटे राहू द्या, पण सुकू देऊ नका. मग मऊ ब्रशने गोल घासा. खाचांना दात घासायचा जुना ब्रश चांगला. खरे काम पुढे आहे. सुटलेले काळे पाणी फडक्याने टिपून उचला आणि वेगळ्या बादलीत पिळा. त्याच पाण्यात फडके बुडवून पुन्हा फिरवले तर केले ते वाया गेले. मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, आणि जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या कोरड्या तुकड्याने सुकवा. हट्टी डागावर खाण्याच्या सोड्याचा ओला लेप पुरतो. रॉकेल, थिनर, तारेची घासणी यांच्या वाटेला जाऊ नका, त्याने चकाकी जाते ती परत येत नाही. रबरी पाठीचे पायपुसणे महिनोन् महिने ठेवले तर खाली पिवळा डाग पडतो. तो मळ नव्हे, रंग बदललेला असतो, घासून निघणार नाही.

एक गोष्ट शाळेतल्या गुरुजींनी मुलांना फळ्यावर लिहून द्यावी. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी आणि संडासाचे ॲसिड एकत्र करू नये. "दोन्ही जालीम, म्हणजे मिळून दुप्पट" असा हिशेब इथे चालत नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जममध्ये ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच. बंद मोरीत, उकिडवे बसून घासणाऱ्या बाईच्या नाकाशी तो आधी येतो.

पुराची गोष्ट निराळी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत घुसले. मातीच्या भिंती बसल्या, आणि उभ्या राहिलेल्या घरांतून गाळ उपसायला लागला. बिबवेवाडी उंचावर आणि नदीपासून लांब. पण पाण्याला नदीच लागते असे नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला लोंढा आला, आणि बिबवेवाडीच्या शेजारी अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी इथल्या घरांत तो शिरला. माणसे गेली, संसार वाहून गेले. अशा पाण्यानंतर मॅट वरून पुसून चालत नाही. ते उचलावे, खालचा गाळ काढावा, कोबा पुरता वाळू द्यावा, आणि पाठ कापडाची असेल तर ते मॅट टाकून द्यावे, कितीही जिवावर आले तरी.

जाता जाता पुसणाऱ्या हातांविषयी. इंग्रज डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीपुढे येणाऱ्या सुजेला "मोलकरणीचा गुडघा" असेच नाव देऊन ठेवले आहे. आपल्या पुण्यात केर-फरशी आणि धुणी-भांडी करणाऱ्या बायकांनी १९८० साली काम बंद ठेवले. बरा पगार, हक्काची सुट्टी, आजारपणात कामावरून काढू नये, असे त्यांचे मागणे होते. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला मात्र २००८ साल उजाडले. बिबवेवाडीच्या वरच्या वस्तीतून सकाळी सातला खाली सोसायट्यांकडे उतरणाऱ्या बायका पाहा. चार घरच्या फरश्या पुसून त्या दुपारी वर चढतात, आणि मग आपल्या घरचे मॅट पुसतात.

मी भेटलो ती बाई त्यांच्यातलीच. त्या दिवशी आम्ही दाराजवळचा हातभर तुकडाच केला. पहिल्या बादलीचे पाणी चहासारखे झाले. ते पाहून ती आधी हसली, मग जरा रागावलीच. "म्हणजे इतकी वर्षं मी मळच पुसत होते की काय?" पिवळा रंग वर आला होता, गरम कढईचा गोल डाग तेवढा तसाच राहिला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि पोराला म्हणाली, "आता रविवारी कपाट सरकवायला तू यायचंस. आणि पिळायचं फडकं तुझ्या हातात."