सिन्नरची गुलाबी गार

सिन्नर म्हटलें म्हणजे गोंदेश्वराचें देवालय व यादवांची जुनी राजधानी वाचकांस आठवते. ज्या काळ्या पाषाणावर हें गांव वसलें, त्याचा इतिहास मात्र यादवांहून फार जुना आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर थिजून तो झाला. रसांतल्या वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या ठेविल्या व मागाहून ऊन पाण्यानें त्यांत सिलिकेटांचे स्फटिक वाढविले. विहिरींत सुरुंग उडाला कीं त्या पोकळ्या उघड्या पडतात.

अशाच एका विहिरीच्या कांठीं आमच्या एका विद्यार्थ्यानें फिकट गुलाबी गार हातावर ठेविली व म्हटलें, “सर, गुलाबी अपोफिलाइट!” अपोफिलाइट बहुधा पांढरें, निर्वर्ण किंवा हिरवट, गुलाबी विरळा. तेव्हां त्याचा आनंद साहजिक होता. परंतु रंगावरून खनिजाची जात ठरवूं नये, हा धडा मोठमोठ्या पंडितांसही सावकाश मिळाला आहे.

१७५६ सालीं स्वीडनच्या क्रोन्स्टेटनें तापवितांच कढ आल्यासारखें फुगणारें खनिज पाहून त्यास ‘उकळणारा दगड’ या अर्थाचें ‘झिओलाइट’ हें नांव दिलें. १८०६ सालीं फ्रेंच पंडित आवी यानें, तापवितां पापुद्रे सोडतें म्हणून, अपोफिलाइटास नांव दिलें. स्टिल्बाइट व ह्यूलंडाइट हीं दोन तर बराच काळ एकच समजलीं जात. १८२२ सालीं ब्रुकनें दुसऱ्यास स्वतंत्र नांव दिलें. म्हणजे नांवें पडलीं तीं रंगानें नव्हे, परीक्षेनें.

माळावर भट्टी कोठली? तेथें भिंग व फ्लुओराइटाचा तुकडा पुरे. स्टिल्बाइटाचे स्फटिक मध्यें आवळलेल्या पेंढीसारखे असतात. अपोफिलाइट चौकोनी, बाजूंवर उभ्या रेघा, आणि मोत्याची झांक शेंड्याकडील आडव्या कापावर. शिवाय अपोफिलाइट फ्लुओराइटावर ओरखडा काढतें, स्टिल्बाइट काढीत नाहीं. आमच्या गारेची पेंढी स्पष्ट दिसली. ओरखडाही उठला नाहीं. तें साधें स्टिल्बाइटच होतें.

विद्यार्थी क्षणभर हिरमुसला. मग हळूच म्हणाला, “सर, कॉलेजच्या कपाटांतलें गुलाबी अपोफिलाइट तपासलें आहे काय?”

त्या नमुन्याची चिठ्ठी आमच्याच हातची. कित्येक वर्षांपूर्वीं, केवळ रंगावर भुलून, आम्हींच ती लिहिली होती. आणि तेवढीं वर्षें मुलांनीं तीच पाठ केली. परतल्यावर कपाट उघडलें, भिंग लावलें, फ्लुओराइट घासला. पेंढी तीच, उत्तर तेंच.

जुनी चिठ्ठी आम्हीं फाडली नाहीं. तिच्यावर एक रेघ ओढून खालीं खरें नांव व तारीख लिहिली. शेजारीं नवी गार ठेविली. तिच्या चिठ्ठीवर गांव व विहिरीची खोली, दोन्ही नोंदविलीं. विहीर पाण्यानें भरली म्हणजे ती जागा पुन्हां कोणास दिसावयाची नाहीं. शिलालेख वाचतांना चुकलेलें अक्षर जसें पुढल्या इतिहासास फसवितें, तशीच दगडावरची खोटी चिठ्ठी. गार दुर्मिळ नसली तर नसो. तिची नोंद खरी असली पाहिजे.