चॉकलेट न देताही दुधाचे दात का किडतात?

“चॉकलेट देतच नाही, मग दात किडले कसे?” कोलशेतमधले पालक विचारतात. उत्तर जुनं आहे. १९४५ नंतर स्वीडनमधल्या विपेहोम रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या, काहींना तर दिवसाला २४. त्यांची संमती कोणी घेतली नाही, हेही लक्षात असू द्या. निष्कर्ष १९५४ मध्ये छापून आले: जेवणातल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी खाल्लेली, दातांना चिकटून राहणारी साखर जास्त घातक.

१९६२ मध्ये अमेरिकेतले दंतवैद्य इलायस फास यांनी बाटलीने किडलेल्या तान्ह्यांच्या दातांचं वर्णन केलं. झोपेत लाळ कमी होते, गोड दूध वरच्या पुढच्या दातांवर साचतं. खालचे बहुधा वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते. आपल्याकडे बाटलीच्या जोडीला दिवसभर चघळलेलं बिस्किटही असतं.