चित्तेखाना

बुलढाण्याहून खामगावकडे जाताना बोथ्याचा घाट लागतो. दिवस मावळण्याच्या सुमारास गाडी त्या रानात शिरली, की शेजारचा उतारू हटकून सांगतो, "परवा इथेच चित्ता आडवा गेला म्हणतात." आम्हीही हे अनेकदा ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी माना डोलावल्या आहेत. आडवा गेलेला असतो तो बिबळ्या. आज ज्ञानगंगा अभयारण्य म्हणून राखलेल्या या रानात त्याची वस्ती चांगली आहे. चित्ता हा निराळा प्राणी. बिबळ्याला झाडी हवी, कडेकपार हवी. चित्त्याला मोकळे माळरान आणि त्यावर चरणारे काळवीट हवे. बिबळ्याच्या अंगावर ठिपक्यांची फुले असतात, चित्त्याच्या अंगावर नुसते भरीव ठिपके, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळावा तशी काळी रेघ. माणूस गेल्यावर त्याचे नाव भलत्यालाच मिळावे, तसा काहीसा प्रकार या जनावराच्या बाबतीत झाला आहे.

आणि ते जनावर येथे होते, हे विसरून चालणार नाही. मध्यप्रांतात वनाधिकारी म्हणून आयुष्य घालविलेल्या डनबर ब्रँडर यांनी १९२३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात चित्ता प्रांतातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे सांगून, एखाददुसरा अजून उरला असेल तर तो वऱ्हाडात, शिवनीच्या पठारावर किंवा सागराकडे असेल, असे म्हटले आहे. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत या मुलखात त्याची निदान वदंता तरी जिवंत होती.

रसेल व रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातीजमातींचा जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात पारध्यांच्या पोटभेदांत चित्तेवाल्या पारध्यांचा उल्लेख आहे. चित्ते धरून, माणसाळवून ते शिकारीस लावणे हा त्यांचा व्यवसाय. चित्त्याला ठराविक झाडांच्या बुंध्यावर नखे घासण्याची आणि खूण सोडण्याची सवय असते. पारधी ते झाड हेरून त्याच्याभोवती फासे मांडीत. धरावयाचा तो पुरा वाढलेला चित्ता. पिल्लू फुकट दिले तरी कोणी घेत नसे. कारण शिकार करणे हे आईजवळ शिकावयाचे काम आहे, ते माणसाला शिकविता येत नाही, हे या निरक्षर लोकांना पक्के ठाऊक होते.

यापुढचे काम मात्र माणसाचे. नव्या चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बाजेला बांधीत. घरच्या बायका व मुले त्याच्याजवळ बसून सारा दिवस बोलत राहत, झोप येऊ देत नसत; मनुष्याच्या आवाजाची भीती मोडावी, एवढाच हेतू. मग भर बाजारातून त्याला फिरवावयाचे. खाणे मिळावयाचे ते एकाच माणसाच्या हातून, लाकडी पळीतून. शिकारीच्या दिवशी बैलगाडीत बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेले, टोपी काढली, की थोड्याच क्षणांत निकाल लागे. ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जाणारी ती धाव काही शे पावलांपलीकडे टिकत नाही. काळवीट पडले की चित्तेवान धावत जाई, पळीत रक्त धरून चित्त्याच्या तोंडापुढे करी आणि त्या क्षणात शिकार त्याच्या पंजाखालून काढून घेई. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दहा वर्षे अध्यापक असलेले लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ च्या आपल्या पुस्तकात, चित्ता आणि चित्तेवान एकाच बाजेवर एकाच कांबळ्याखाली झोपलेले आढळतात, असे लिहिले आहे. जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात इतकी जवळीक आजही आढळणार नाही.

असे असता एक गोष्ट या चित्तेखान्यांत कधी साधली नाही. तेथे पिल्ले होत नसत. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते, असे जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो. त्यांची जोडी जमावी अशी बादशहाची फार इच्छा होती. नर-मादी बागेत मोकळी सोडूनही पाहिली, परंतु उपयोग झाला नाही. पुढे जहांगिराच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, एक नर गळपट्टा काढून आपणच मादीकडे गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्ले झाली. बादशहाने हे नवल म्हणून टिपून ठेवले. बंदिवासातील चित्त्याच्या प्रजोत्पत्तीची दुसरी नोंद यानंतर थेट १९५६ मधील, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील! मध्ये साडेतीनशे वर्षे गेली. तेवढ्या काळात संस्थानिकांच्या दारी जे जे चित्ते बांधले गेले, ते ते रानातून काढलेले होते. पळीभर रक्त देऊन जनावर वश करणारी ही विद्या सर्वस्वी रानाच्या शिलकीवर चालली होती, आणि शिल्लक किती आहे हे कोणी मोजीत नव्हते.

ती शिल्लक दुसऱ्या बाजूनेही आटत होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आले. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस बंद पडताच मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी या काळ्या जमिनीकडे वळली. खामगावच्या कापसाच्या पेठेची कीर्ती एवढी वाढली, की १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा घालण्यात आला आणि तो उघडण्यास प्रत्यक्ष व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. (खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते १९०५ मध्ये आले.) या भरभराटीचे कौतुक आम्ही शाळेत पाठ केले आहे आणि ते खोटेही नाही. पण नांगराखाली गेले ते पयाणघाटातले गवत होय. गवत गेले तसे काळवीट विरळ झाले, आणि काळवीट विरळ झाल्यावर चित्त्याने राहावे कशावर? शिवाय पुष्कळ प्रांतांत हिंस्र पशू मारल्याबद्दल सरकारी बक्षीस मिळे. चित्ता मनुष्यावर सहसा हल्ला करीत नाही, तरी त्याचेही नाव त्या यादीत होते.

देशी चित्ता मिळेनासा झाला तेव्हा शिकारीच्या शोकी दरबारांनी आफ्रिकेकडे पाहिले. महाराष्ट्रात या बाबतीत कोल्हापूरचे नाव प्रथम घ्यावे लागते. शाहू महाराजांना (कारकीर्द १८९४–१९२२) चित्त्यांच्या शिकारीचा नाद होता आणि राजाराम महाराजांनी तो पुढे १९४० पर्यंत चालविला. बैलगाडीच्या जागी तेथे घोड्यांची गाडी आली. बाकी बाज, टोपी, पळी आणि पिढीजात चित्तेवान सर्व पूर्ववत. १९१८ ते १९४५ या काळात आफ्रिकेतून सुमारे दोनशे चित्ते हिंदुस्थानात आणले गेले आणि त्यांत कोल्हापूर व भावनगर ही संस्थाने पुढे होती. परमुलखातील हे जनावर आमच्या चित्तेवानांनी जुन्याच रीतीने माणसाळविले, ही त्यांच्या कसबाची थोरवीच म्हटली पाहिजे. पण ते पुन्हा पुन्हा जहाजावर घालून आणावे लागत होते, यातच सारे आले.

पिल्ले का होत नसत, याचे उत्तर पुढे मिळाले, आणि ते मोठे मनोरंजक आहे. चित्त्याची मादी एकटी हिंडणारी; नर बहुधा भावाभावांच्या टोळीने आपला मुलूख राखून असतात. दोघांना जन्मभर एकमेकांच्या डोळ्यांसमोर बांधून ठेवले, की त्यांना एकमेकांविषयी काही वाटेनासे होते! दक्षिण आफ्रिकेत १९७१ मध्ये डी विल्ट येथे जे केंद्र निघाले, तेथे विस्तीर्ण आवारे आखून माद्या नरांपासून दूर ठेवण्यात आल्या आणि योग्य वेळी तेवढी गाठ घालून देण्यात आली. थोड्याच वर्षांत तेथे पिल्लेच पिल्ले झाली. अकबराच्या बागेत माया होती, मांस होते, जागाही होती. तेथे दुरावा तेवढा नव्हता. जहांगिराच्या त्या नराने गळपट्टा काढून नेमकी तीच अडचण दूर केली होती, पण तिचा अर्थ लावण्याची बुद्धी कोणास झाली नाही.

१९४७ मध्ये कोरियाच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. देशातील शेवटचे म्हणून त्यांचीच गणना होते. १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५२ मध्ये चित्ता या देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये पारध्यांच्या कपाळावरचा गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्याने पुसला गेला. राजांना ज्यांचे कसब हवे होते, पण ज्यांनी पोलिसांत हजेरी द्यावी असा सरकारचा हुकूम होता, त्या लोकांनी आपली विद्या कोठे लिहून ठेवली नाही आणि लिहून घेण्यासही कोणी गेले नाही. कोल्हापूरच्या महालांचे नकाशे मिळतात. आजारी चित्त्याला चित्तेवानाची बायको काय चारीत होती, हे मात्र आता कोण सांगणार?

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्यप्रदेशातील कुनोच्या रानात आले आणि पुढील फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. पहिल्याच पावसाळ्यात एक विचित्र अडचण उभी राहिली. जून हा त्यांच्या मायदेशातील हिवाळा. त्या सवयीने ऐन आमच्या पावसात त्यांच्या अंगावर दाट केस आले, गळ्यातील यंत्राच्या पट्ट्याखाली ओल राहून जखमा झाल्या आणि काही जनावरे दगावली. उरलेली पुन्हा आवारात आणून त्यांच्यावर उपचार करावे लागले. मार्च २०२३ मध्ये तेथे चार पिल्ले जन्मली. मे महिन्याच्या उन्हात तीन गेली. चौथे, मादी, आईपासून काढून माणसांनी वाढविले. तिला पुढे रानात सोडावयाचे असल्यामुळे माणसाची सवय लागू नये, ही काळजी तिला सांभाळणाऱ्यांना घ्यावी लागली. चित्तेवानाची बायको बाजेजवळ बसून जे दिवसभर करीत असे, त्याच्या अगदी उलट.