परिवर्तुळ

त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळास त्या त्रिकोणाचे परिवर्तुळ असे म्हणतात. या वर्तुळाच्या केंद्रास परिकेंद्र किंवा परिमध्य, तर त्रिज्येस परित्रिज्या अशी संज्ञा आहे. एका बिंदूतून असंख्य वर्तुळे काढता येतात, दोन बिंदूंतूनही असंख्यच; मात्र एका रेषेत नसलेले तीन बिंदू दिले असता त्यांतून जाणारे वर्तुळ एक आणि एकच असते. महाराष्ट्र राज्याच्या इयत्ता नववीच्या अभ्यासक्रमात परिवर्तुळाची रचना 'वर्तुळ' या प्रकरणात समाविष्ट आहे.

रचना

अ, ब, क हे त्रिकोणाचे शिरोबिंदू मानावेत. कंपासमध्ये रेख अब च्या निम्म्याहून अधिक अंतर घेऊन अ व ब या दोन्ही बिंदूंवरून रेषाखंडाच्या दोहों बाजूंस कंस काढावेत. अंतर निम्म्याहून कमी असल्यास कंस एकमेकांस मिळतच नाहीत. कंसांचे छेदनबिंदू जोडणारी रेषा हा अब चा लंबदुभाजक होय. त्याचप्रमाणे बक चा लंबदुभाजक काढावा. दोन्ही लंबदुभाजक जेथे छेदतात तो बिंदू म हे परिकेंद्र. म केंद्र व मअ त्रिज्या घेऊन काढलेले वर्तुळ ब आणि क यांतूनही जाते.

तिसऱ्या बाजूचा लंबदुभाजक काढण्याची आवश्यकता नसते. परंतु काढल्यास रचनेची परीक्षा होते. तो म मधून गेला नाही, तर पेन्सिलीचे टोक बोथट आहे किंवा कंपासचा स्क्रू सैल आहे असे समजावे. दोन लंबदुभाजक फार तिरपे, म्हणजे लहान कोनात छेदत असतील तर छेदनबिंदू नेमका कोठे आहे हे ठरविणे कठीण जाते. अशा वेळी ज्यांच्यामधील कोन काटकोनाच्या जवळ आहे अशा बाजू निवडाव्यात.

रचनेमागील कारण

रचनेच्या पायऱ्या पाठ करून परीक्षेत गुण मिळतात, परंतु लंबदुभाजकच का घ्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर त्या पायऱ्यांत नसते. वर्तुळाचे केंद्र म्हणजे तिन्ही बिंदूंपासून समान अंतरावरील बिंदू. प्रथम दोनच बिंदूंचा विचार करावा. अ आणि ब यांपासून समदूर असलेले सर्व बिंदू अब च्या लंबदुभाजकावर असतात आणि त्या लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू अ व ब यांपासून समदूर असतो. त्याच्या दोन अंगांस होणारे त्रिकोण बा-को-बा कसोटीने एकरूप असल्यामुळे हे सिद्ध होते. म्हणून अ व ब यांतून जाणाऱ्या असंख्य वर्तुळांची केंद्रे या एकाच रेषेवर ओळीने मांडलेली असतात. हीच गोष्ट ब व क यांच्या बाबतीत खरी आहे. दोन्ही अटी पाळणारा बिंदू दोन्ही रेषांवर असला पाहिजे, आणि दोन भिन्न रेषा एकाहून अधिक बिंदूंत छेदत नाहीत. त्यामुळे मअ = मब आणि मब = मक, म्हणून मअ = मक. तिसरा लंबदुभाजक त्याच बिंदूतून जातो तो योगायोगाने नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. तसेच दुसरे वर्तुळ का संभवत नाही, याचेही उत्तर येथेच मिळते.

तिन्ही बिंदू एकरेषीय असतील तर लंबदुभाजक परस्परांस समांतर होतात आणि केंद्र मिळत नाही.

परिकेंद्राचे स्थान

लघुकोन त्रिकोणाचे परिकेंद्र त्रिकोणाच्या अंतर्भागात, काटकोन त्रिकोणाचे कर्णाच्या मध्यावर आणि विशालकोन त्रिकोणाचे बाहेर असते. ५, ५ व ६ सेंमी बाजूंच्या त्रिकोणाची परित्रिज्या ३.१२५ सेंमी असून परिकेंद्र पायाच्या वर, त्रिकोणाच्या आत पडते. पाया ८ सेंमी केल्यास क्षेत्रफळ पूर्वीइतकेच, म्हणजे १२ चौसेंमी राहते; परित्रिज्या मात्र सुमारे ४.१७ सेंमी होते आणि परिकेंद्र पायाच्या खाली उतरते. पाया ९.८ सेंमी घेतला की उंची जेमतेम १ सेंमी उरते व परित्रिज्या साडेबारा सेंमीच्या आसपास जाते. ते वर्तुळ वहीच्या पानात मावत नाही. तीन बिंदू एका रेषेकडे झुकू लागले की केंद्र दूर दूर जाते, हे या आकृत्या एकाखाली एक काढून पाहिल्यास विशेष चांगले कळते.

परित्रिज्या गणिताने काढावयाची झाल्यास तिन्ही बाजूंच्या गुणाकारास क्षेत्रफळाच्या चौपटीने भागावे.

इतिहास

इ.स.पू. ३००च्या सुमारास युक्लिडने 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या चौथ्या खंडातील पाचव्या प्रमेयात ही रचना दिली आहे. दोन वर्तुळे दोनपेक्षा अधिक बिंदूंत छेदत नाहीत, हे त्याने तिसऱ्या खंडात आधीच सिद्ध केले होते. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नसीरुद्दीन तुसी यांच्या अरबी आवृत्तीवरून या ग्रंथाचा 'रेखागणित' हा संस्कृत अवतार सिद्ध केला.

लंबदुभाजकाची कल्पना भारतात त्यापूर्वीच रूढ होती. कात्यायन शुल्बसूत्रात दिशासाधनाची रीत आहे: सपाट भूमीवर शंकू रोवून त्याभोवती दोरीने वर्तुळ काढावयाचे, सकाळी व दुपारनंतर शंकूच्या छायेचे टोक वर्तुळास जेथे लागेल त्या दोन बिंदूंस जोडावयाचे. ही रेषा पूर्व-पश्चिम आणि तिचा लंबदुभाजक दक्षिणोत्तर. परस्परांस छेदणाऱ्या दोन कंसांनी होणाऱ्या आकृतीस ज्योतिषग्रंथांत मत्स्य म्हणतात. माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंतची रेषा म्हणजेच लंबदुभाजक. सूर्यसिद्धांतात छायेच्या टोकाचे तीन बिंदू घेऊन दोन मत्स्यांच्या साहाय्याने त्यांतून जाणारे वर्तुळ काढण्याची रीत सांगितली आहे. ती आजच्या रचनेहून वेगळी नाही. ज्या हेतूने ती योजली तो मात्र स्थूल होता: आपल्या अक्षांशांवर छायेचे टोक वर्तुळात न फिरता अपास्त वक्र आखते आणि विषुवदिनी जवळजवळ सरळ रेषेत सरकते. त्या दिवशी तीन बिंदू एकरेषीय झाल्याने वर्तुळ निघतच नाही.

उपयोग

बांगडी ठेवून काढलेल्या वर्तुळास केंद्राची खूण नसते. त्यावर कोणतेही तीन बिंदू घेऊन दोन जीवांचे लंबदुभाजक काढले की केंद्र सापडते. वर्तुळाचा केवळ तुकडा हाती असला तरी तेवढे पुरते. उत्खननात मिळालेल्या खापराच्या काठावरून मूळ भांड्याच्या तोंडाचा व्यास ठरविता येतो तो याच तत्त्वाने. जीवा या शब्दाचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी. दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या लंब अंतरास शर म्हणतात. फुटक्या बांगडीच्या तुकड्याची जीवा ४ सेंमी व शर १ सेंमी असेल, तर जीवेच्या वर्गास शराच्या आठपटीने भागून त्यात शराचा निम्मा भाग मिळवावा: २ + ०.५, म्हणजे त्रिज्या अडीच सेंमी. रुळांच्या वळणाची त्रिज्या तपासतानाही जीवा व शर मोजण्याचीच पद्धत वापरली जाते.

चौथा बिंदू घेतला की ही हमी संपते. चौकोनाचे परिवर्तुळ असेलच असे नाही. त्याचे संमुख कोन परस्परपूरक, म्हणजे बेरजेने १८०° असतील तरच ते असते, आणि अशा चौकोनास चक्रीय चौकोन म्हणतात.