कात्रजचा तलाव आणि आंग्र्यांचे आरमार

कात्रजच्या तलावाचे नाव निघाले की नानासाहेब पेशव्यांचे स्मरण होते. सन १७५० च्या सुमारास त्यांनी येथे बांध घालून पाणी अडविले आणि जमिनीखालील नळांतून ते शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले. परंतु पुण्याची तहान भागविणाऱ्या याच पेशव्यांनी पुढे थोड्याच वर्षांत इंग्रजांच्या साह्याने मराठ्यांचे प्रबळ आरमार बुडविले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी तीच येथे निवेदन करण्याचे आम्ही योजिले आहे.

मराठी आरमाराचा पाया शिवछत्रपतींनी घातला. सन १६५९ मध्ये कल्याण-भिवंडीच्या बाजूस त्यांची जहाजे बांधणाऱ्यांत रुई लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज, म्हणजे आपलाच एक धर्मबंधू, होता. सन १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटासाठी मायनाक भंडारी व दौलतखान हे इंग्रजांशी झुंजले. पुढे या आरमारास खरे तेज चढविले ते सरखेल कान्होजी आंग्रे यांनी. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिपती. भूमीवरील सेनापतीस मागून हुकूम धाडता येतो. समुद्रावर मात्र वारा, भरती-ओहोटी व खडक यांचे ज्ञान ज्यास आहे, त्यानेच तत्क्षणी निर्णय केला पाहिजे. कान्होजींची गुराबे तोफा वाहत, आणि वल्ह्यांची हलकी गलबते त्यांच्या दिमतीस असत. वारा पडला म्हणजे इंग्रजांचे भले मोठे जहाज जागीच खिळे. अशा वेळी गलबते गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीस नेत, कारण त्या अंगास तोफा थोड्या असत. प्रसंग कठीण दिसल्यास उथळ खाडीत शिरावे. तेथे मोठ्या जहाजाचा पाठलाग चालत नसे.

परंतु केवळ युक्तीने आरमार टिकत नाही. कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षाचे असून त्यांनी शाहू महाराजांच्या पेशव्यास कैद केले होते. तरीही बाळाजी विश्वनाथांनी तलवार न उपसता, १७१३-१४ च्या सुमारास, बोलणे करून त्यांस महाराजांच्या पक्षास मिळविले. त्या सलोख्याचे फळ लवकरच दिसले. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर व १७२० मध्ये विजयदुर्गावर केलेल्या स्वाऱ्या फसल्या. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हा बाजीराव पेशवे फौजेनिशी धावून गेले आणि तोही हल्ला निष्फळ झाला. त्या स्वारीत आपले धर्मबंधू आंग्र्यांच्या विरुद्ध बाजूस होते, हे आम्ही लपवीत नाही.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. थोरले पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि मग भावाभावांत कलह माजला. १७३५ मध्ये मानाजी कुलाब्यास व संभाजी विजयदुर्गास अशी दौलत दुभंगली. संभाजींमागून विजयदुर्गी आलेले तुळाजी शूर खरे, पण ते पेशव्यांची सत्ता जुमानीत ना, आणि स्वराज्यातील सरदारांच्या मुलखासही उपद्रव देत. पेशव्यांचा कोप अकारण नव्हता. मात्र आजोबांनी जे काम बोलण्याने साधले, त्यासाठी नातवाने मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी पाडाव केलेल्या 'रिस्टोरेशन' नामक जहाजावर गोळा पडून आग लागली आणि दाटीने नांगरलेले अवघे आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडले. किल्ला मात्र इंग्रजांनी दडपून ठेवला आणि ऑक्टोबरात बाणकोट पदरात पडल्यावरच तो सोडण्याचे कबूल केले. पुढे पेशव्यांचे आरमार धुळपांनी शौर्याने चालविले, परंतु कान्होजींच्या वेळचा दरारा पुनः आला नाही.

याउलट, आपणांस जपमाळेच्या सणामुळे परिचित असलेली लेपांतोची लढाई पाहावी. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी परमगुरू पाचवे पायस यांच्या प्रेरणेने स्पेन, व्हेनिस व रोम यांची गलबते एकत्र आली. त्यांतही तंटे थोडे नव्हते. व्हेनिसचा वृद्ध सेनापती व्हेनिएर याने स्पेनच्या पगारातील काही शिपायांस फाशी दिले, तेव्हा मुख्य सेनापती डॉन जॉन संतापला. परंतु त्या चोवीस वर्षांच्या तरुणाने संघ मोडू दिला नाही. बार्बारिगो या दुसऱ्या व्हेनिसकराच्या मध्यस्थीने व्यवहार चालविला आणि रणात सर्व एका आज्ञेखाली उभे राहिले.

मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ पासून 'आंग्रे' हे नाव आहे, हे योग्यच झाले. परंतु आमच्या मते तुळाजींचा व पेशव्यांचा इतिहासही तितकाच ध्यानी धरण्याजोगा आहे. ख्रिस्तसभेस आपण पेत्राचे तारू म्हणतो. धर्मग्रामातही मतभेद होतात. कोणी वडिलांचे ऐकत नाही, तर कधी वडीलच धीर सोडतात. अशा वेळी परक्याच्या चावडीवर जाण्यापूर्वी बाळाजी विश्वनाथांप्रमाणे भावाच्या दारी जाऊन बसावे. दुभंगलेल्या घराविषयी प्रभूने दिलेला इशारा आपण जाणतोच. समुद्राची तारका जी पवित्र मरिया, ती या धर्मग्रामास ऐक्यात राखो, हीच ज्युबिलीच्या प्रसंगी आमची प्रार्थना.