चित्रपटांच्या डीव्हीडींची प्रत करताना सॉफ्टवेअर कोणते निवडावे?

हौसेने जमवलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडी आज अनेक घरांत कपाटात पडून आहेत. ओरखडे, दमट हवा आणि बुरशी यांमुळे डिस्क एकदा वाचेनाशी झाली की चित्रपट हातचा गेलाच म्हणून समजावे. एखादा जुना मराठी चित्रपट पुन्हा विकत मिळेलच, याचीही खात्री नसते. म्हणूनच डिस्क सुरू आहेत तोवर त्यांची प्रत करून ठेवणे इष्ट. मात्र सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी प्रत कशासाठी हवी आहे, हे निश्चित करावे.

एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी, तर दुपदरी डीव्हीडीत ८.५ जीबी माहिती मावते. दुपदरी चित्रपट एकपदरी कोऱ्या डिस्कवर बसवण्यासाठी एके काळी 'डीव्हीडी श्रिंक' हे मोफत सॉफ्टवेअर लोकप्रिय होते. त्याचा विकास २००४ नंतर थांबला. आता हार्ड डिस्कवर भरपूर जागा असल्याने या खटाटोपाची गरज उरलेली नाही.

दर्जा की जागा?

मूळ दर्जा जसाच्या तसा हवा असल्यास 'मेकएमकेव्ही' उपयुक्त ठरते. ते चित्र पुन्हा न दाबता एमकेव्ही फाइलमध्ये ठेवते. त्यामुळे काम लवकर होते. पण फाइल मोठी राहते.

जागा वाचवायची असल्यास 'हँडब्रेक' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्यावे. एच.२६४ पद्धतीने ते फाइल बरीच लहान करते आणि एमपी४ फाइल बहुतेक टीव्हींवर व मोबाइलवर चालते. मात्र या प्रक्रियेत वेळ जातो आणि दर्जाही काहीसा घटतो. शिवाय, संरक्षित डिस्कचे कुलूप हँडब्रेक स्वतः उघडत नाही. आपल्याकडील पाल डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. आकडा वाढवल्याने ते अधिक स्पष्ट होत नाही.

हे तपासून पाहा

हालत्या दृश्यांत आडव्या रेषा दिसल्यास हँडब्रेकमधील 'डीइंटरलेस' किंवा 'डीकोंब' हा पर्याय वापरावा. डीव्हीडीवरील उपशीर्षके अक्षरे नसून चित्रे असतात. काही टीव्ही ती दाखवत नाहीत. तसेच ध्वनीची योग्य भाषा निवडली आहे ना, हे पाहावे. संपूर्ण संग्रह हाती घेण्यापूर्वी एकाच चित्रपटाची प्रत करून ती घरच्या टीव्हीवर चालवून पाहावी.

कायदा काय सांगतो?

बाजारातील बहुतेक डीव्हीडींवर 'सीएसएस' हे सांकेतिक कुलूप असते. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असे कुलूप तोडण्यास मनाई आहे. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ समाविष्ट झाले. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण भेदल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कलम ५२ खासगी वापरासाठीच्या न्याय्य उपयोगाला मुभा देते. तेव्हा प्रत स्वतः विकत घेतलेल्या डिस्कचीच आणि घरात पाहण्यापुरतीच करावी. ती वाटू वा विकू नये. लग्नसमारंभाच्या घरगुती डीव्हीडींवर असे कुलूप सहसा नसते. त्यांची दुसरी प्रत तर कुठेच मिळणार नाही. त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

हार्ड डिस्कही बिघडते. त्यामुळे प्रत दोन ठिकाणी ठेवावी आणि मूळ डिस्क टाकून देऊ नये.